खाद्यतेलासाठी वनस्पतिजन्य प्लास्टिक : प्रस्तावना

खाद्यतेल नुसते भरून ठेवले तरी हळूहळू बदलत असते. हवेतला ऑक्सिजन, उजेड, उष्णता आणि लोखंड-तांब्याचे अंश ही या बदलाची मुख्य कारणे. धान्य, साखर किंवा मीठ यांना भांडे लागते ते सांडू नये, ओल लागू नये, मुंग्या लागू नयेत म्हणून. तेलाच्या भांड्याला एवढे करून शिवाय हवा अडवावी लागते, जमल्यास उजेडही, आणि स्वतःमधले काहीही तेलात उतरू द्यायचे नसते. तेल हा चांगला द्रावक आहे. पाण्यात न विरघळणारे कित्येक पदार्थ तेलात सहज विरघळतात. म्हणून ऊस, मका किंवा वापरलेले तळणीचे तेल यांपासून केलेले प्लास्टिक पाण्याच्या बाटलीला चालले म्हणजे ते तेलालाही चालेल, असे धरून चालत नाही.

तेल बिघडते कसे, हे आधी पाहिले पाहिजे, कारण पुढची सगळी चर्चा त्यावर उभी आहे. तेलातल्या असंतृप्त मेदाम्लांच्या दुहेरी बंधांशेजारी ऑक्सिजन चिकटतो आणि हायड्रोपेरॉक्साइड तयार होतात. त्यांना ना वास असतो ना चव. पुढे ते फुटतात आणि त्यांतून निघणारी अल्डिहाइड नाकाला लगेच कळतात. खवट वास म्हणतात तो हाच. प्रत्येक तेलाची याबाबतची तयारी वेगळी असते. करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात लिनोलेइक आम्ल सत्तर टक्क्यांहून जास्त असते, म्हणून ते लवकर बिघडते. खोबरेल तेलात संतृप्त मेद नव्वद टक्क्यांच्या आसपास असल्याने ते कोकणातल्या दमट हवेतही महिनोन्‌महिने टिकते. शेंगदाणा तेल या दोहोंच्या मध्ये बसते. उजेडाचे काम आणखी वेगळे. घाण्याच्या, न शुद्ध केलेल्या तेलात थोडे हरितद्रव्य उरलेले असते. उजेड पडला की ते ऑक्सिजनला जास्त आक्रमक रूपात आणते आणि हा सिंगलेट ऑक्सिजन लिनोलेइक आम्लावर साध्या ऑक्सिजनपेक्षा हजार पटींहून अधिक वेगाने तुटून पडतो. दुकानाच्या दर्शनी फळीवर पारदर्शक बाटलीत सोनेरी दिसणारे घाण्याचे तेल गिऱ्हाइकाला आवडते, पण तेलाला ती जागा मुळीच मानवत नाही.

आता हवेचा हिशेब. एक लिटर तेलाच्या बाटलीत वर ३० मिलिलिटर मोकळी जागा राहिली, तर तिच्यात सुमारे ६ मिलिलिटर ऑक्सिजन असतो, म्हणजे वजनाने ८ मिलिग्रॅमच्या आसपास. तो सगळा तेलात मुरला तरी तेलाचे पेरॉक्साइड मूल्य किलोमागे जेमतेम अर्ध्या एककाने वाढते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार शुद्ध केलेल्या तेलात हे मूल्य १० पर्यंत आणि घाण्याच्या तेलात १५ पर्यंत चालते. म्हणजे बूच लावतेवेळी आत राहिलेली हवा एकटी फारसे नुकसान करत नाही. भरतानाच तेलात विरघळलेला ऑक्सिजन त्यात भर घालतो, पण तोही एकदा संपला की संपला. न संपणारा पुरवठा येतो तो भिंतीतून, बुचाच्या चुकीच्या आट्यांतून आणि पिशवीच्या जोडातून. काच आणि पत्रा यांतून ऑक्सिजन जात नाही. प्लास्टिकमधून तो जातोच. किती जातो एवढाच फरक. एचडीपीई या दाट पॉलिएथिलीनमधून पीईटी या बाटल्यांच्या पॉलिएस्टरच्या दहापट वा त्याहून जास्त ऑक्सिजन पार होतो आणि एलडीपीई या मऊ पॉलिएथिलीनमधून त्याहूनही अधिक.

महाराष्ट्रात तेल ठेवण्याची भांडी पुष्कळ बदलली. तेला-तुपाच्या वाहतुकीला चामड्याचे बुधले वापरात होते, घरात चिनीमातीची बरणी आणि पितळी किंवा पत्र्याची किटली असे. बाजारात मग १५ किलोचा पत्र्याचा डबा आला आणि किराणा दुकानांत त्यातून पळीने किंवा पंपाने सुटे तेल मापून देण्याची पद्धत पडली. ही पद्धत कायद्याने मोडली ती एका दुर्घटनेनंतर. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ होऊन जलोदरासारख्या विकाराची साथ पसरली आणि साठहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्र सरकारने खाद्यतेल वेष्टन नियमन आदेश काढला आणि सुट्या तेलाच्या विक्रीवर बंधने आली. पुढे अन्नसुरक्षा कायद्याखालच्या नियमांतही ही बंधने कायम राहिली. गरीब घरात रोजच्यापुरते पावशेर तेल विकत घेतले जाई. त्या गिऱ्हाइकाला परवडेल असे सीलबंद वेष्टन एकच होते, प्लास्टिकची पिशवी. भारतात तेलाच्या छोट्या पिशव्यांचा जो महापूर आला त्यामागे कंपन्यांच्या जाहिरातींइतकाच या आदेशाचाही हात आहे, आणि हे सहसा कोणी लक्षात घेत नाही.

आज बाजारात तेलासाठी प्लास्टिकची तीन मुख्य रूपे दिसतात. एक ते दोन लिटरच्या बाटल्या बहुतेक पीईटीच्या असतात. पाच आणि पंधरा लिटरचे कॅन एचडीपीईचे किंवा पीईटीचे असतात. पिशवी मात्र दिसते तितकी साधी नसते. तिच्यात पॉलिएथिलीनचे तीन किंवा पाच थर एकत्र ओढलेले असतात. काही पिशव्यांत मध्ये नायलॉनचा किंवा ईव्हीओएच नावाच्या ऑक्सिजनरोधक प्लास्टिकचा पातळ थर असतो. आतला थर असा निवडावा लागतो की जोडाच्या जागी तेलाचा थेंब उडाला तरी सील बसावे. भरणी यंत्रावर पिशवी एकाच वेळी घडते, भरते आणि बंद होते. वरच्या नळीतून तेलाचा शेवटचा थेंब ओघळतो तो नेमका सीलच्या पट्टीवर. गळक्या पिशव्यांचे मूळ बहुधा तिथे असते. नव्या प्लास्टिकची परीक्षा घेताना प्रयोगशाळेत ऑक्सिजन मोजणे सोपे, पण तेल लागलेल्या जागी मिनिटाला कित्येक पिशव्यांचे सील धरते का, हे कारखान्यातच कळते.

एक लिटरच्या पिशवीला साधारण आठ ते दहा ग्रॅम फिल्म लागते, बाटलीला वीस ते तीस ग्रॅम आणि पंधरा लिटरच्या कॅनला लिटरमागे पिशवीच्या कितीतरी पट. वजनाच्या हिशेबात पिशवी सर्वांत काटकसरी आहे. वापरून झाल्यावर मात्र तिला कोणी विचारत नाही. कॅन घरोघरी धान्याला, पाण्याला, कुंडी म्हणून वर्षानुवर्षे वापरला जातो, बाटली भंगारवाला घेतो, पिशवी थेट कचऱ्यात जाते.

या तिन्ही रूपांतले प्लास्टिक आज मुख्यतः खनिज तेल आणि नैसर्गिक वायूपासून बनते. नवीकरणीय प्लास्टिकमध्ये कार्बन येतो तो याच काळातल्या वनस्पतींनी हवेतून ओढून घेतलेला. एवढाच या शब्दाचा आवाका. प्लास्टिक कुजेल की नाही, तेल टिकवेल की नाही, भंगारात चालेल की नाही, यांपैकी कशाचीही हमी त्यात नाही. उसापासून केलेले पॉलिएथिलीन खनिज तेलापासून केलेल्या पॉलिएथिलीनइतकेच न कुजणारे असते. उलट, खनिज तेलापासून केलेली काही पॉलिएस्टर कंपोस्टमध्ये कुजतात. जाहिरातींत हिरव्या पानाच्या चित्राखाली हे दोन्ही गुण एकत्र बांधले जातात आणि ग्राहक फसतो.

नवीकरणीय प्लास्टिककडे जाणाऱ्या वाटांपैकी सर्वांत मळलेली वाट जुन्याच रेणूची आहे. इथेनॉलमधून पाण्याचा रेणू काढून टाकला की एथिलीन उरते. अ‍ॅल्युमिनासारख्या उत्प्रेरकावरून सुमारे ३०० ते ४५० अंश सेल्सिअस तापमानाला इथेनॉलची वाफ नेली की हे घडते. एथिलीनपासून पुढे नेहमीच्याच पद्धतीने पॉलिएथिलीन होते. ब्राझीलच्या ब्रास्केम कंपनीने रिओ ग्रांदे दो सुल राज्यातल्या ट्रिउन्फो इथे सप्टेंबर २०१० मध्ये वर्षाला दोन लाख टन क्षमतेचा असा कारखाना सुरू केला. उसाच्या इथेनॉलपासून पॉलिएथिलीन एवढ्या प्रमाणावर आधी कोणी केले नव्हते. नंतर ही क्षमता २ लाख ६० हजार टनांवर नेण्यात आली.

भारताला मात्र ही कल्पना नवी नव्हती. १९५० च्या दशकाच्या अखेरीस पश्चिम बंगालमधल्या रिश्रा इथे पॉलिएथिलीनचे देशातले पहिले उत्पादन सुरू झाले ते मळीपासून काढलेल्या अल्कोहोलवरच. पेट्रोरसायने तेव्हा इथे नव्हती, मळी होती. १९६० च्या दशकात ट्रॉम्बे आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात नाफ्था, म्हणजे खनिज तेलाचा हलका अंश, फोडून एथिलीन काढणारे क्रॅकर उभे राहिले आणि अल्कोहोलची वाट मागे पडली. उत्तराखंडातल्या काशीपूरच्या इंडिया ग्लायकॉल्सने मात्र मळीच्या इथेनॉलपासून पीईटीचा एक घटक असलेले मोनोएथिलीन ग्लायकॉल पुढेही बनवले, आणि पीईटीच्या वनस्पतिजन्य भागाचा विषय निघाला तेव्हा जगाला या कारखान्याची आठवण झाली.

उसाच्या पॉलिएथिलीनचा मोठा गुण असा की तेल भरणाऱ्याला काहीही बदलावे लागत नाही. फिल्म ओढायचे यंत्र तेच, सीलचे तापमान तेच, छपाईची शाई तीच. ऑक्सिजनही तेवढाच पार होतो, कारण रेणू तोच आहे. म्हणजे जुन्या पिशवीचे दोषही जसेच्या तसे सोबत येतात. गंमत म्हणजे साध्या पॉलिएथिलीनच्या पिशवीतही एक वनस्पतिजन्य घटक आधीपासून होता. पिशव्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून फिल्ममध्ये मिसळायचे एरुकामाइड हे मोहरीच्या कुळातल्या बियांमधल्या एरुसिक आम्लापासून बनते.

जमिनीचा हिशेब इथे टाळता येत नाही. एक टन एथिलीनला रसायनशास्त्राच्या नियमाने १.६४ टन इथेनॉल लागते. घट धरून १.७ टन, म्हणजे सुमारे २,१५० लिटर. एक टन उसाच्या थेट रसापासून साधारण ७५ लिटर इथेनॉल मिळते असे धरले आणि हेक्टरी ८० टन ऊस धरला, तर एका हेक्टरातून वर्षाला सुमारे पावणेतीन टन पॉलिएथिलीन निघते. नऊ ग्रॅमच्या पिशव्या धरल्या तर सुमारे तीन लाख. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. पण देशाचे खाद्यतेल आयातीतच वर्षाला दीडशे लाख टनांच्या घरात असते, आणि ऊस हे पाणी पिणारे पीक आहे. सोलापूर-लातूरकडच्या पाण्याच्या वादात या तीन लाख पिशव्या नेमक्या कोणत्या पाण्यावर उगवल्या हे विचारले जाणारच. साखर काढून उरलेल्या मळीपासून इथेनॉल केले तर जमिनीचा आक्षेप बराच सौम्य होतो, पण मळीतून मिळणारे इथेनॉल उसाच्या टनामागे फार कमी असते.

शिवाय त्या इथेनॉलला आधीच दुसरे गिऱ्हाईक आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीजना पक्के गिऱ्हाईक मिळवून दिले. त्याच कार्यक्रमाची नाजूक बाजू डिसेंबर २०२३ मध्ये दिसली. साखरेचे उत्पादन घटणार असे दिसताच केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ते उठवले. वर्षभराच्या करारावर पॉलिएथिलीन पुरवायचे असेल तर असा कच्चा माल भरवशाचा नाही. महाराष्ट्रात ऊस आहे, डिस्टिलरीज आहेत, तेल भरणारे कारखानेही आहेत. या तिघांना जोडणारा दुवा तांत्रिक अडचणीने नव्हे, तर या धोरणाच्या अनिश्चिततेने आणि किमतीने अडला आहे.

पीईटीची गोष्ट अर्धीच सुटलेली आहे. पीईटी दोन घटकांपासून बनते. वजनाने सुमारे ३० टक्के वाटा ग्लायकॉलचा, तो उसापासून येऊ शकतो. उरलेला ७० टक्के वाटा टेरेफ्थॅलिक आम्लाचा, आणि तो अजून मुख्यतः खनिज तेलातूनच येतो. कोका-कोलाने २००९ मध्ये आणलेल्या प्लांटबॉटलमध्ये वनस्पतींचा वाटा ३० टक्क्यांपर्यंतच का होता, याचे उत्तर या रसायनात आहे. त्याच कंपनीने २०२१ मध्ये पूर्णपणे वनस्पतिजन्य बाटली दाखवली, पण ती नऊशेच्या आसपास नमुन्यांपुरती.

तेलाच्या दृष्टीने जास्त आशादायक आहे तो पीईटीचा चुलतभाऊ पीईएफ. यात टेरेफ्थॅलिक आम्लाच्या जागी फळशर्करेपासून काढलेले फ्युरान-डायकार्बॉक्सिलिक आम्ल असते. ऑक्सिजन अडवण्यात तो पीईटीच्या सुमारे दहापट सरस ठरतो, आणि उष्णताही थोडी जास्त सोसतो. करडईसारख्या लवकर बिघडणाऱ्या तेलाला अशी बाटली मिळाली तर वरच्या हिशेबातला भिंतीचा वाटा जवळपास पुसला जाईल. नेदरलँड्समधल्या अव्हान्टियम कंपनीने डेल्फझाइल इथे या आम्लाचा वर्षाला पाच हजार टनांचा कारखाना उभारून ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन केले. पाच हजार टन म्हणजे जगाच्या पीईटीच्या तुलनेत नगण्यच. सध्या हे प्लास्टिक महाग वस्तूंपुरतेच राहील, सरकीच्या तेलाच्या वाट्याला येणार नाही.

पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे पीएलए, हे नाव सर्वांत जास्त ऐकू येते. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेवर जिवाणू वाढवून लॅक्टिक आम्ल करायचे आणि ते जोडत न्यायचे, ही त्याची पद्धत. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात ब्लेअर इथे नेचरवर्क्सचा मोठा कारखाना २००२ पासून चालतो, थायलंडमध्ये रायाँग इथेही पीएलएचा एक कारखाना आहे. भारतात पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने जेजुरी इथे २०२४ मध्ये प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला आणि उत्तर प्रदेशात कुंभी इथे बलरामपूर चिनी मिल्सने वर्षाला ८० हजार टनांच्या कारखान्याचे काम हाती घेतले. साखर उद्योगाच्या दृष्टीने पीएलए हे इथेनॉलइतकेच स्वाभाविक उत्पादन आहे.

तेलासाठी पीएलए तपासताना मात्र त्याच्या गुणदोषांचा क्रम उलटा लागतो. पीएलएचा नेहमी सांगितला जाणारा दोष म्हणजे त्यातून पाण्याची वाफ सहज जाते. फरसाणाला हा दोष घातक, कारण चकली मऊ पडते. शुद्ध तेलाला त्याचे फारसे सोयरसुतक नाही. त्यात ओल जवळजवळ नसतेच आणि थोडी आत आली तरी लगेच काही बिघडत नाही. घाण्याच्या तेलात मात्र बियांमधली लायपेज द्रव्ये उरलेली असू शकतात आणि ओल मिळताच ती मेद तोडू लागतात. चरबी-तेल शोषून न घेण्याचा पीएलएचा गुण पॉलिएथिलीनपेक्षा चांगला आहे. ऑक्सिजन अडवण्यात ते पॉलिएथिलीनपेक्षा सरस, पीईटीपेक्षा कमी. खरी अडचण उष्णतेची. पीएलए ५५ ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडते. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना पत्र्याच्या छताच्या गोदामात किंवा उभ्या ट्रकमध्ये हे तापमान सहज गाठले जाते. एकावर एक रचलेल्या खोक्यांतल्या तळच्या बाटल्या अशा वेळी वजनाने बसतात आणि बुचाजवळून पाझरू लागतात. पीएलएला स्फटिकी करून ही मर्यादा वाढवता येते, पण मग पारदर्शकपणा जातो आणि खर्च वाढतो. पीएलएची फिल्म कडक असल्याने पिशवीला घडीच्या जागी तडे जाण्याचाही धोका असतो. तिचा आवाज तर प्रसिद्धच आहे; अमेरिकेत सनचिप्सने अशी कंपोस्टयोग्य पिशवी आणली होती आणि गिऱ्हाइकांनी खडखडाटाच्या एवढ्या तक्रारी केल्या की २०१० मध्ये बहुतेक चवींसाठी ती मागे घ्यावी लागली.

चौथ्या वाटेवर प्लास्टिक जिवाणूंच्या पोटातच तयार होते. १९२६ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मोरिस लमोइन्य यांनी एका जिवाणूच्या पेशींत साठलेले पॉलिएस्टर ओळखले. माणसाच्या अंगावर चरबी साठते तसे हे जिवाणू अन्न मुबलक असताना पॉलिहायड्रॉक्सीअल्कनोएट साठवतात. १९९० मध्ये जर्मनीत वेला कंपनीच्या शॅम्पूची बाटली या पदार्थापासून केली गेली, पण किमतीपुढे ती टिकली नाही. हे प्लास्टिक जमिनीत, पाण्यात आणि समुद्रातही कुजते, आणि पीएलएला ते जमत नाही. जपानची कनेका कंपनी हे प्लास्टिक वनस्पती-तेलावर जिवाणू पोसून बनवते, कारण साखरेपेक्षा तेलातून टनामागे कितीतरी जास्त प्लास्टिक मिळते. पाम तेलाच्या जहाजांवर अवलंबून असलेल्या भारताने तेल साठवायच्या वेष्टनासाठी खायचे तेल जिवाणूंना घालावे, ही कल्पना गळी उतरणे कठीण. वापरलेल्या तळणीच्या तेलावर हेच जिवाणू वाढतात, आणि इथे विचार करण्यासारखी जागा आहे.

तळणीच्या तेलाची गोष्ट दुसऱ्या बाजूनेही येते. अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलात ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरवली; त्यापुढचे तेल पुन्हा खाण्यात वापरायचे नाही. हे तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्यासाठी रुको नावाची मोहीमही त्याच वर्षी सुरू झाली. युरोपात अशाच वापरलेल्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून नाफ्था बनवतात आणि तो खनिज नाफ्थ्यासोबत क्रॅकरमध्ये घालतात. फिनलंडची नेस्टे ही या धंद्यातली सर्वांत मोठी कंपनी. बाहेर येणारे पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन नेहमीसारखेच असते, आणि खाद्यपदार्थांच्या वेष्टनाला लागणारी शुद्धताही नेहमीसारखीच. भजी तळून झालेले तेल शेवटी नव्या तेलाची पिशवी होऊन दुकानात परतू शकते.

मात्र इथे मोजमापाचा पेच उभा राहतो. वनस्पतिजन्य कार्बनची ओळख पटवण्याची पक्की पद्धत म्हणजे कार्बन-१४. ऊस ताजा असतो, त्यात किरणोत्सारी कार्बनचा अंश असतो. खनिज तेलात तो कोट्यवधी वर्षांत संपलेला असतो. ब्रास्केमच्या पॉलिएथिलीनची पिशवी प्रयोगशाळेत दिली तर वनस्पतींचा वाटा टक्क्यांत सांगता येतो. क्रॅकरमध्ये मिसळलेल्या नाफ्थ्याचे तसे नाही. शंभर टन खनिज नाफ्थ्यात दहा टन वनस्पतिजन्य नाफ्था टाकला तर रेणू सगळ्या मालात पसरतात. कंपनी वहीत तो वाटा एका गिऱ्हाइकाच्या नावे मांडते आणि आयएससीसी प्लस सारखी प्रमाणपत्रे त्या वहीची तपासणी करतात. प्रत्यक्ष हातात आलेल्या पिशवीत कार्बन-१४ जवळजवळ नसूही शकतो. ही लबाडी नव्हे. विजेच्या बाबतीत पवनऊर्जेचा हिशेबही असाच मांडतात. पण 'वापरलेल्या तेलापासून बनवलेली' असे पिशवीवर छापायचे झाले तर हा हिशेब त्याच ठिकाणी सांगायला हवा. शिवाय वापरलेले तेल ताज्या तेलापेक्षा महाग विकले जाऊ लागले की ताजे पाम तेलच 'वापरलेले' म्हणून विकण्याचा मोह होतो, आणि युरोपात हा संशय उघडपणे घेतला गेला आहे.

वेष्टनातून तेलात उतरणाऱ्या द्रव्यांचे नियम प्लास्टिकच्या उगमाकडे पाहत नाहीत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टन नियमांनुसार अन्नात उतरणाऱ्या एकूण द्रव्यांची मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम किंवा पृष्ठभागाच्या चौरस डेसिमीटरमागे १० मिलिग्रॅम आहे. तेलकट पदार्थांसाठी भारतीय मानकात ही चाचणी एन-हेप्टेनमध्ये घेतात, कारण प्रत्यक्ष तेलात उतरलेले द्रव्य वजन करून वेगळे काढणे किचकट असते. उसाचे पॉलिएथिलीन ही चाचणी जुन्यासारखीच पार करते. नव्या प्लास्टिकमध्ये लवचीकपणासाठी घातलेली द्रव्ये हा काळजीचा भाग असतो. पीएलए मऊ करायला जे प्लास्टिसायझर मिसळतात त्यांतली काही तेलात चांगली विरघळतात.

वापरून झालेल्या वेष्टनाकडे आले की तेल पुन्हा आडवे येते. रिकाम्या पिशवीच्या आत तेलाचा थर उरतो, त्याला धूळ चिकटते आणि ती धुवायला गरम पाणी व सोडा लागतो. भंगार बाजारात अशा पिशवीला भाव नसतो. उसाचे पॉलिएथिलीन असले तरी भाव तोच, कारण रेणू तोच. निदान जुन्या साखळीत ते बिनबोभाट मिसळते. पीएलएची बाटली पीईटीच्या ढिगात गेली तर ती साध्या नजरेला ओळखू येत नाही आणि पीईटी वितळण्याच्या तापमानाला ती तुटून सगळा माल पिवळट करते. नायलॉनचा थर असलेली पिशवी, तिचे पॉलिएथिलीन कशापासूनही केलेले असो, पुनर्वापराला अडचणीचीच राहते. कंपोस्टयोग्य पिशव्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, आणि ज्या मानकावर ते दिले जाते ते ५८ अंशांच्या आसपास चालणाऱ्या औद्योगिक कंपोस्टचे आहे. घराच्या परसातल्या खड्ड्यात किंवा गावाबाहेरच्या उकिरड्यावर तेवढी उष्णता टिकून राहत नाही. २०१८ च्या महाराष्ट्रातल्या प्लास्टिकबंदीने आणि २०२२ च्या राष्ट्रीय एकल-वापर बंदीने तेलाच्या पिशवीला हात लावला नाही. जबाबदारी टाकली गेली ती उत्पादकाने प्लास्टिक गोळा करून त्याची विल्हेवाट लावण्याच्या नियमांतून, आणि तिथे मोजले जाते ते किलो, उगम नव्हे.

जगातल्या एकूण प्लास्टिकमध्ये वनस्पतिजन्य प्लास्टिकचा वाटा अजून जेमतेम अर्धा टक्का आहे. त्यातले खाद्यतेलाला लागू पडणारे आणखी कमी. मोठ्या शुद्धीकरण कारखान्यांसाठी सध्या व्यवहार्य म्हणता येईल ते उसाचे पॉलिएथिलीन, तेही पिशवीच्या बाहेरच्या थरापासून सुरू करून, म्हणजे अन्नाला लागणारा थर न बदलता. लाकडी घाण्यावर तेल काढून महिन्याभरात विकणाऱ्या छोट्या व्यावसायिकाची गरज वेगळी. त्याचा टिकाऊपणाचा काळ थोडा, गिऱ्हाईक ओळखीचे, बाटली परत येण्याची शक्यता बरीच. त्याला काचेची किंवा जाड एचडीपीईची परत भरता येणारी बाटली कदाचित कोणत्याही नव्या प्लास्टिकपेक्षा सोयीची पडेल.

नवे वेष्टन स्वीकारण्यापूर्वी त्यात तेल किती टिकते ते तपासावे लागते आणि तिथे एक व्यावहारिक अडथळा लपलेला आहे. तेलाच्या टिकाऊपणाची प्रचलित जलद चाचणी शाल ओव्हनची. तेल ६० ते ६५ अंशांना ठेवून दर थोड्या दिवसांनी पेरॉक्साइड मूल्य मोजतात आणि काही आठवड्यांत वर्षभराचा अंदाज बांधतात. पीईटी आणि एचडीपीई या भट्टीत तग धरतात. पीएलए तिथेच मऊ पडते, म्हणून तेलासह बाटलीची चाचणी या तापमानाला घेताच येत नाही. मग ४० अंशांच्या आसपास चाचणी घ्यावी लागते आणि आठवड्यांच्या जागी कित्येक महिने जातात. पिशवीवर छापायची 'अमुक महिन्यांपर्यंत उत्तम' ही ओळ ठरवायला तेवढेच थांबावे लागते, आणि दरम्यान हंगामातले नवे शेंगदाणे बाजारात आलेले असतात.